सुट्टीतले मैदान : बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील मुलांसाठी एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सचिव, कल्याण कर्नाटक प्रदेश अभिवृद्धी मंडळ, कलबुर्गी
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बीदर
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, कलबुर्गी

विषय : सीमाभागातील गावांत मोफत उन्हाळी क्रीडाशिबिरे आणि मुलांची चारित्र्यघडण

महोदय,

कर्नाटकातील शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेच्या अखेरीस त्या पुन्हा भरतात. या सहा-सात आठवड्यांत मुलांना सकाळी मैदानावर जमवायचे, फी न घेता रोज ठरावीक वेळ खेळवायचे आणि खेळता खेळता त्यांना वागण्याचे वळण लावायचे, असा मोफत उन्हाळी क्रीडाशिबिराचा साधा आराखडा असतो. मोठ्या शहरांत पोहणे, स्केटिंग, क्रिकेट यांचे फी घेणारे वर्ग सुट्टीत गल्लोगल्ली निघतात. बीदरचे नेहरू स्टेडियम आणि कलबुर्गीचे चंद्रशेखर पाटील स्टेडियम यांच्या आसपास राहणाऱ्या मुलांनाही थोडीफार सोय मिळते. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर, चिंचोळी या तालुक्यांतील गावा-तांड्यांवरच्या मुलांच्या वाट्याला मात्र सुट्टीत मैदान येते, पण मैदानावर उभा राहणारा जाणता माणूस येत नाही.

या पट्ट्याची एक खूण शिबिराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. गुलबर्गा जिल्ह्यातील कोडंगल आणि तांडूर हेही आंध्रात गेले. सीमा कागदावर सरळ आखल्या गेल्या, माणसे मात्र होती तिथेच राहिली. म्हणून आजही इथल्या एकाच गावात कन्नड, मराठी, दखनी-उर्दू, लंबाणी आणि कुठे कुठे तेलुगूही कानावर पडते. मुले एकमेकांची भाषा बोलतात, पण शाळा माध्यमानुसार वेगळ्या असतात. शाळा वेगळी म्हणून खेळाचा संघ वेगळा, आणि संघ वेगळा म्हणून सामना लागला की ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ ही वाटणी आपोआप होते. सुट्टीत शाळा बंद असते आणि ही वाटणी थोडी सैल होते. सीमाभागातील शिबिराचे खरे बळ या एका गोष्टीत आहे.

चारित्र्य हा शब्द मोठा असला तरी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलात तो लहान लहान वागण्यांतून दिसतो. पंचाचे लक्ष नसताना नियम पाळणे. हरल्यावर भांडण न उकरणे आणि जिंकल्यावर समोरच्याला न खिजवणे. आपल्यामुळे संघाचे नुकसान झाले तर ते कबूल करणे. आपल्यापेक्षा कमी जमणाऱ्याला सामावून घेणे, आणि नेमून दिलेले काम कुणी मागे न लागता पुरे करणे. निमूटपणे आज्ञा पाळणे म्हणजे चारित्र्य नव्हे. शिट्टी वाजली की रांगेत उभी राहणारी मुले शिट्टी नसताना कशी वागतात, यावर त्याची पारख होते.

खेळाने असे चारित्र्य घडते, हा विश्वास महाराष्ट्रात आणि मराठी भागात जुना आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९२०च्या दशकापासून मंडळाने सुट्टीचा काळ साधून उन्हाळी वर्ग भरवले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरे यांतून सर्व जातिधर्मांची मुले-मुली एका मैदानावर खेळवली. सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत भर मे महिन्यात तरुणांच्या हाती कुदळ-फावडे दिले गेले. हैदराबाद संस्थानात तर खासगी शाळा आणि आखाडे काढायलाही सरकारी परवानगी लागत असे. तालमीत केवळ दंड-बैठका होत नाहीत, हे निजामी राजवटीनेही ओळखले होते.

तरीही खेळ आपोआप सद्गुण शिकवतो, असे मानणे घातक ठरते. याचा सर्वांत बोलका पुरावा एका उन्हाळी शिबिरातूनच मिळालेला आहे. १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह उद्यानात, अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुले एकाच धर्माची, सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली, एकमेकांना अनोळखी होती. त्यांचे दोन गट केले गेले. सुरुवातीला दोन्ही गटांना एकमेकांची माहितीही नव्हती. मग दोघांमध्ये बेसबॉल, रस्सीखेच अशा बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले, राहत्या खोल्यांवर धाडी पडल्या. भाषा एक, धर्म एक, वर्ण एक, आणि तरीही केवळ दोन संघ आणि एक ढाल एवढ्यावर वैर पेटले.

पुढचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवून किंवा एकत्र चित्रपट दाखवून काही साधले नाही. जेवणाच्या वेळी अन्नच एकमेकांवर फेकले गेले. मग दोघांनाही एकट्याने न सुटणाऱ्या अडचणी समोर ठेवल्या गेल्या. पिण्याचे पाणी बंद पडले, ते सर्वांनी मिळून शोधून काढायचे. सामानाची मोटार सुरू होईना, ती सर्वांनी दोर लावून ओढायची. अशी कामे एकामागून एक करताना कडवटपणा ओसरला. परतताना मुलांनी एकाच बसने जायचे ठरवले आणि एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पैशांतून सर्वांना थंड दूध पाजले.

सीमाभागातील शिबिर आखणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवायला हवे. कन्नड शाळेविरुद्ध मराठी शाळा, गावाविरुद्ध तांडा, या गल्लीविरुद्ध ती गल्ली असे सामने पहिल्याच आठवड्यात लावले, तर वर्षभर झाकलेली दरी शिबिरच उघडी करील. संघ पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून पाडावेत, दर आठवड्याला ते पुन्हा पाडावेत, आणि संघांची नावे गाव, शाळा, जात, देव यांच्याशी जोडू नयेत. नदी, झाड, पक्षी यांची नावे पुरेशी आहेत. पहिला आठवडा तर स्पर्धेशिवायच जावा. त्या आठवड्यात मुलांनी मैदान तयार करावे. दगड वेचणे, खड्डे बुजवणे, पाणी मारणे, दोरी धरून फक्कीने रेघा ओढणे ही कामे सर्वांनी मिळून केली, की मैदान सर्वांचे होते.

खेळानंतरच्या बोलण्याचे महत्त्व दाखवणारा दुसरा पुरावाही उन्हाळी क्रीडाशिबिरातलाच आहे. ब्रेंडा ब्रेडेमायर, मॉरीन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच ते सात वर्षांची ८४ मुले तीन गटांत वाटली होती. एका गटाला नेहमीसारखे खेळ शिकवले. दुसऱ्या गटात प्रशिक्षकांनी चांगल्या वागण्याचे नमुने जाणीवपूर्वक दाखवले आणि त्याचे कौतुक केले. तिसऱ्या गटात मैदानावर तंटा झाला की मुलांनाच बसवून तो बोलून सोडवायला लावला. शिबिर संपल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील मुलांच्या नैतिक समजेत स्पष्ट वाढ आढळली. नुसत्या खेळाच्या गटात ती आढळली नाही. चारित्र्यासाठी मोठा खर्च किंवा वेगळे पुस्तक लागत नाही, हे यावरून उघड होते. प्रशिक्षकाने रोज थोडा वेळ त्या कामासाठी राखून ठेवला, तरच ते साधते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते खो-खोवरून नीट समजते. या खेळाचे नियम पुण्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधले गेले. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. सीमाभागाला तर हा खेळ शेजारघरचाच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एके काळी दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनी पुरस्काराच्या वेळी सांगितले होते. दोन खांब, एक मध्यपाटी आणि फक्कीचे आठ चौकोन एवढ्या सामानावर चोवीस मुले तासभर गुंततात. बॅट-चेंडूच्या खेळात दोघे खेळतात आणि उरलेले उन्हात उभे राहतात, तसे इथे होत नाही.

आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून चौकोनांत बसतात, नववा पाठलाग करतो. चौथ्या चौकोनात बसलेल्या मुलीच्या अगदी समोरून पळणारा गडी जातो. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. तिला उठता येत नाही. मागून पाठीला हात लागून मोठ्याने ‘खो’ ऐकू येईपर्यंत तिने घोटे दुमडून, हात जमिनीला टेकवून थांबायचे असते. आधी उठली तर फाउल. उठल्यावर एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. उतावळेपणा आवरणे, आणि वेळ आली की क्षणात झेपावणे, या दोन्ही गोष्टी एका डावाच्या नऊ मिनिटांत तिला पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

खांबाजवळ वळताना पळणाऱ्या मुलाच्या सदऱ्याला बोटाचे टोक लागते. पंच पलीकडच्या बाजूला असतो. ‘लागलं’ असे म्हणून तो मुलगा स्वतः बाहेर जातो, किंवा न म्हणता पळत राहतो. प्रशिक्षकाचे काम इथे सुरू होते. त्याने तिथल्या तिथे ओरडू नये. डाव संपल्यावर दोन्ही संघांना एकाच गोलात बसवून दहा मिनिटे बोलावे. आज कुणी आपणहून बाद झाल्याचे सांगितले, हा पहिला प्रश्न. कुणाला एकदाही खो मिळाला नाही, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नात फार काही दडलेले असते. मुले नकळत ओळखीच्याला खो देतात, आपल्या गल्लीतल्याला, आपल्या शाळेतल्याला, चपळ असणाऱ्याला. नव्याने आलेली तांड्यावरची मुलगी किंवा जरा जड अंगाचा मुलगा सबंध डाव चौकोनात बसून राहतो. प्रशिक्षकाने वहीत खोंची मोजणी ठेवली आणि गोलात ती वाचून दाखवली, तर उपदेशाचे एक वाक्यही न बोलता मुलांना सर्व काही कळते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला खो मिळतो.

कबड्डी आणि कुस्तीचाही असाच उपयोग करता येतो. यात्रेतल्या कुस्त्यांचा फड या भागाला नवा नाही. नारळाच्या कुस्तीपासून चांदीच्या कड्यापर्यंतच्या जोड्या लोकांनी पाहिलेल्या असतात. मातीला हात लावून उतरणे आणि कुस्ती संपल्यावर जोडीदाराला उठवून मिठी मारणे, ही रीत मुलांना शिकवावी लागत नाही, फक्त तिची आठवण करून द्यावी लागते. कुस्तीत एक काळजी मात्र घ्यावी : जोड वजनाने लावावी, वयाने नव्हे. या वयात एकाच इयत्तेतल्या मुलांच्या अंगकाठीत मोठा फरक असतो आणि मानेच्या दुखापतीला पुढे उपाय राहत नाही.

मैदानाबाहेरची शिस्त मैदानाइतकीच बोलते. पाणी कोण भरतो, कोण वाढतो, पेला कुणाचा वेगळा असतो, झाडू कुणाच्या हाती येतो, हे गावातल्या मुलांना शिबिरात येण्याआधीच ठाऊक असते. ज्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक (श्रम हीच पूजा) आणि दासोह (मिळालेले वाटून घेणे) यांची शिकवण दिली, त्याच्या पंचक्रोशीत ही वाटणी शिबिरात चालू दिली, तर चारित्र्याच्या सर्व गोष्टी पोकळ ठरतील. झाडणे, पाणी भरणे, वाढणे, भांडी घासणे यांच्या पाळ्या चिठ्ठीने लावाव्यात. प्रशिक्षकाचे नावही त्याच चिठ्ठ्यांत असावे. पंगत एक, पाण्याचा माठ एक, आणि कुणाच्या घरून वेगळा डबा आला तर तो मैदानावर उघडू नये, हा नियम पहिल्याच दिवशी पालकांना सांगावा. काही पालक नाराज होतील. तरी हा नियम सोडू नये.

मुलींच्या बाबतीत शिबिराला आणखी एक काम आहे. सुट्टीचे दिवस आणि लग्नसराई एकत्र येतात, आणि अक्षय तृतीयेच्या आसपास शाळकरी मुलींची लग्ने गुपचूप उरकण्याचे प्रकार या भागाने पाहिले आहेत. शाळा सुरू असते तेव्हा हजेरीपट असतो. सुट्टीत तो नसतो. सातवी-आठवीतली मुलगी रोज सकाळी मैदानावर येत असेल आणि एकाएकी तीन दिवस दिसली नाही, तर प्रशिक्षिकेने तिच्या घरी जाऊन चौकशी करावी आणि गरज पडली तर बालसंरक्षणाच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे. शिबिराचा हजेरीपट अशा वेळी मुलीच्या पाठीशी उभा राहतो. मुली याव्यात म्हणून महिला प्रशिक्षिका, चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि वेळेवर घरी पोचण्याची हमी, या तीन गोष्टी लागतात. चौथी गोष्ट क्वचित कुणी लक्षात घेते. आई पहाटेच रोजगार हमीच्या कामावर गेली, की धाकटे भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर असते. ग्रामपंचायतींनी सुरू केलेली ‘कूसिन मने’ पाळणाघरे शिबिराच्या वेळेत उघडी राहिली, तरच ती मुलगी मैदानावर येऊ शकेल.

आता ऊन. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. सरकारने या विभागातील कार्यालयांच्या वेळा या दोन महिन्यांत सकाळी ८ ते दुपारी १.३० अशा बदललेल्या असतात. मोठ्या माणसांना दिलेली ही सवलत मुलांना तर द्यायलाच हवी. मैदानावरचा खेळ सकाळी ६ला सुरू होऊन ८पर्यंत आटोपावा, त्यानंतर अर्धा तास बोलणे आणि खाणे सावलीत व्हावे. संध्याकाळचे सत्र मेमध्ये धोक्याचे आहे, कारण वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. आभाळ भरून आले की खेळ थांबवून मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे, झाडाखाली कधीही नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची आगाऊ सूचना देते, ते प्रत्येक प्रशिक्षकाच्या फोनमध्ये असावे. पाण्यासाठी मुलांना परवानगी मागावी लागू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनीच प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जीवनरक्षक पेय मुलांनाच बनवायला शिकवले, तर ती विद्या घरापर्यंत जाते.

जमिनीचाही विचार जिल्ह्यागणिक वेगळा करावा लागतो. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे, लाल आणि कठीण. तिथे पडलेल्या मुलाचे गुडघे सोलून निघतात, म्हणून खो-खो आणि कबड्डीच्या जागेवर मऊ मातीचा थर लागतो. कलबुर्गीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो, तिथे मुरूम पसरून, पाणी मारून जमीन धुम्मसाने चोपावी लागते. शाळेच्या अंगणातली शहाबादी फरशी नऊ वाजता अनवाणी पायाला चटके देते, त्यामुळे ती खेळासाठी वापरूच नये.

मुलाला खेळवून उपाशी परत पाठवू नये, आणि या जिल्ह्यांत हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. मुलांच्या कुपोषणामुळेच डिसेंबर २०२१पासून कल्याण कर्नाटकातील शाळांत उकडलेले अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळी, द्यायला सुरुवात झाली. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४मध्ये दिला होता, आणि २०२४च्या दुष्काळात कर्नाटकाने सुट्टीत शाळेची चूल चालू ठेवली. ‘अक्षर दासोह’ या मध्यान्ह भोजन योजनेची भांडी, स्वयंपाकघर आणि काम जाणणाऱ्या स्वयंपाकिणी गावात आहेतच. शिबिराच्या दिवसांत त्यांना मानधन देऊन सकाळी आठनंतर ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण, किंवा अंडे, केळे, शेंगदाण्याची चिक्की, सोबत ताक असे खाणे देता येईल. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे. ती इथल्या मुलांच्या ताटात तरी यावी.

मोफत या शब्दाचा अर्थही नीट ठरवायला हवा. फी नसते, पण बूट आणायला सांगितले जातात, टी-शर्टाचे पैसे मागितले जातात, समारोपाच्या फोटोसाठी वर्गणी निघते, आणि नेमके गरीब घरचे मूल दुसऱ्या दिवसापासून येईनासे होते. खो-खो, कबड्डी, कुस्ती अनवाणी खेळता येतात. बूट सक्तीचे नसावेतच. २०२३च्या जूनपासून ‘शक्ती’ योजनेमुळे मुलींना राज्य परिवहनाच्या साध्या बसचे तिकीट लागत नाही, मुलांना लागते, आणि विद्यार्थी बसपास शैक्षणिक वर्षापुरता असतो. शिबिर मुलांच्या चालण्याच्या अंतरात भरवावे, किंवा कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाने शिबिराचे ओळखपत्र महिनाभर पास म्हणून मान्य करावे.

शिकवणार कोण, हा सर्वांत नाजूक भाग आहे. बहुतेक लहान शाळांत पीटी सर नाहीत. शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, यात गुलबर्गा विद्यापीठाच्या विभागातलेही आले, गावातले जुने कबड्डीपटू आणि पैलवान, महाविद्यालयात खो-खो खेळलेल्या मुली, एवढे मनुष्यबळ जवळपास मिळू शकते. त्यांना खेळ येतो. मुलांशी बोलणे शिकवावे लागेल. शिबिराआधी आठवडाभराचे प्रशिक्षण ठेवून त्यात गोल कसा घ्यायचा, भांडण मुलांकडूनच कसे सोडवून घ्यायचे, उष्माघाताची लक्षणे कोणती, एवढे पक्के करावे. मारणे, उठाबशा काढायला लावणे, जातीवरून किंवा अंगावरून बोलणे यांपैकी काहीही केल्यास प्रशिक्षकाला त्याच दिवशी काढावे. कोणताही प्रशिक्षक मुलासोबत एकटा, आडोशाला असू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा कायदा काय सांगतो, हे प्रशिक्षणात सर्वांना समजावून सांगावे आणि तक्रार कुणाकडे करायची ते मुलांना त्यांच्या भाषेत सांगावे. सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत द्याव्यात. गरज असेल तिथे उर्दू आणि लंबाणीतही.

या सगळ्याला विरोध दोन बाजूंनी होईल. २०२५च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात शेवटचा राहिला, तेव्हा सुट्टीतही जादा तास घ्या, खेळ कसले, असे म्हटले जाईल. नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे सकाळचे दोन तास दहावीच्या तासांच्या आड येत नाहीत, आणि सुट्टीनंतर शाळेत परतायला मुलाला स्वतःहून वाटणे ही निकालाच्या कितीतरी आधीची पायरी आहे. दुसरी बाजू पदकांची. होबळी, तालुका, जिल्हा, विभाग अशी शालेय स्पर्धांची उतरंड आहेच आणि ती गुणवान खेळाडू वेचून घेते. शिबिर त्या वेचणीसाठी वापरले, तर ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे तीच मुले पहिल्या आठवड्यात गळतील. म्हणून शिबिराचे यश पदकांवर मोजू नये. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी शेवटच्या दिवशी किती टिकली, त्यांत मुली किती, वेगवेगळ्या शाळांची मुले किती, सुट्टीनंतर शाळेत किती परतली आणि वहीतल्या खोंची वाटणी कशी बदलली, एवढे पाहणे पुरेसे आहे.

पैशांची सोय आहे. घटनेच्या ३७१(जे) कलमानंतर या भागासाठी २०१३ साली आजचे कल्याण कर्नाटक मंडळ उभे राहिले आणि अलीकडच्या अर्थसंकल्पांत त्याला वर्षाला ५,००० कोटी रुपयांपर्यंतची तरतूद जाहीर झाली. मंडळाची ‘अक्षर आविष्कार’ योजना शिक्षणासाठीच आहे. त्यात सीमाभागातील शिबिरांना स्वतंत्र शीर्षक मिळावे. खर्चाचा मोठा वाटा प्रशिक्षकांचे मानधन, स्वयंपाकिणींचे मानधन आणि खाणे यांवर जावा. मंडप, फलक, पाहुण्यांचे हार आणि समारोपाचे भाषण यांवर काहीही जाऊ नये.

आदेश एप्रिलमध्ये निघाले तर मे अर्धा सरेल. जानेवारीत मैदाने निवडावीत, फेब्रुवारीत प्रशिक्षक निश्चित करावेत, मार्चमध्ये त्यांचे प्रशिक्षण आणि मुलांची नावनोंदणी शाळेतच, परीक्षेआधी व्हावी. ऊसतोडीला किंवा शहरात मजुरीला गेलेल्या कुटुंबांची मुले एप्रिलमध्ये गावी परततात, त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्यात नोंदणी खुली ठेवावी. पहिल्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या तालुक्यांत प्रत्येकी दोन-तीन मैदानांवरच सुरुवात करावी आणि चार आठवडे नीट चालवून दाखवावे. शिबिर संपल्यावर खांब, दोऱ्या, फक्की आणि प्रथमोपचाराची पेटी तालुक्याच्या गोदामात परत न नेता गावाच्या ‘अरिवू केंद्रा’त, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, ठेवावी, आणि किल्लीची जबाबदारी दर महिन्याला शिबिरातल्या दोन मुलांकडे, एक मुलगा आणि एक मुलगी, वेगवेगळ्या शाळांतली, आळीपाळीने द्यावी.

कळावे,
सीमाभागातील एक नागरिक